टी-शर्टवर वचन छापायचे आहे: कोणते निवडावे आणि कसे मांडावे?

प्रश्न: अक्षरयात्री

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीच्या तरुण संघाच्या शिबिरासाठी टी-शर्टचे डिझाइन करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. चित्रकला आणि अक्षरलेखन मला येते. अडचण आहे ती वचन निवडण्याची आणि ते कपड्यावर आणताना त्याचा मान राखण्याची. संघातील बहुतेक मुलांना फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ (मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगाने मी सर्व काही करू शकतो, अशा अर्थाचे वचन) हवे आहे आणि त्यासोबत वजन उचलणाऱ्या खेळाडूचे चित्र हवे आहे. वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे, की पवित्र शास्त्रातील वचन घामाने भिजणाऱ्या, बादलीत बुचकळल्या जाणाऱ्या आणि शेवटी पोतेरे होणाऱ्या कपड्यावर छापूच नये.

मला स्वतःला असे वाटते, की अंगावरचे वचन ही साक्ष होऊ शकते. परंतु ते केवळ सजावट होऊन बसले, तर न छापलेले बरे. म्हणून विचारते: कपड्यावर वचन असणे शास्त्राला धरून आहे का? एखादे वचन टी-शर्टसाठी योग्य आहे की नाही, हे कशावरून ठरवावे? आणि देवनागरीतील मजकूर छापताना कोणती काळजी घ्यावी? कापड गडद निळे ठरले आहे. बाकी सर्व अजून मोकळे आहे.

प्रतिसाद: जुना वाचक

ताई, तुमच्या वडीलधाऱ्यांच्या शंकेमागे खरी श्रद्धा आहे, तेव्हा ती झटकून टाकू नका. तरीही वस्त्र आणि वचन यांचे नाते शास्त्रात फार जुने आहे. गणना १५:३८-३९ मध्ये इस्राएल लोकांना वस्त्रांच्या टोकांना गोंडे लावायला सांगितले आहे आणि त्याचे कारणही तेथेच दिले आहे: ते पाहून परमेश्वराच्या आज्ञांची आठवण व्हावी. निर्गम २८:३६ मध्ये तर प्रमुख याजकाच्या मंदिलावर बांधायच्या सोन्याच्या पट्टीवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशी अक्षरे कोरायला सांगितली आहेत. तेव्हा अंगावर धारण केलेला मजकूर ही कल्पना आजच्या तरुणांनी काढलेली नाही.

याच परंपरेबद्दलचा इशारा मत्तय २३:५ मध्ये आहे. लोकांनी पाहावे म्हणून वचनांच्या पट्ट्या रुंद करणाऱ्या आणि गोंडे लांबवणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना प्रभू तेथे कठोर शब्द सुनावतो. मला या ठिकाणी नेहमी मत्तय ९:२० आठवते, कारण रक्तस्रावाने पीडित असलेल्या स्त्रीने प्रभूच्या वस्त्राच्या ज्या टोकाला स्पर्श केला, ते गोंड्याचेच टोक होते. म्हणजे प्रभू स्वतः ते गोंडे वापरत होता. त्याचा आक्षेप गोंड्यांवर नव्हता, ते लांबवण्यामागच्या हेतूवर होता. तुमच्या डिझाइनमध्ये अक्षरांचा आकार ठरवताना हा भेद जवळ ठेवा, एवढेच सुचवतो.

राहिला जुन्या कपड्याचा प्रश्न. यहुदी परंपरेत देवाचे नाव असलेले जीर्ण लेख फेकून देत नाहीत. ते वेगळे साठवतात आणि पुढे पुरतात. शाई आणि सूत स्वतःहून पवित्र होतात असे आपण मानत नाही, पण या आदरातून शिकायला काय हरकत आहे? टी-शर्ट विरला, की छापलेला भाग कापून बाजूला काढावा आणि उरलेल्या कापडाचे खुशाल पोतेरे करावे. शिबिरात टी-शर्ट वाटतानाच मुलांना हे सांगितले, तर वडीलधाऱ्यांचीही काळजी बरीच कमी होईल.

प्रतिसाद: शास्त्राभ्यासी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, म्हणून थेट निवडीकडे येतो.

फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ हे वचन एकटे छापले, की ते विजयाची घोषणा वाटते. पौल ते लिहितो तेव्हा तो बंधनात आहे (१:१३) आणि त्याच्या अगदी आधीच्या दोन ओवींत आपण विपुलतेत आणि टंचाईत, तृप्तीत आणि भुकेत सारखेच संतुष्ट राहायला शिकलो आहोत, असे तो सांगतो. ज्याच्या सामर्थ्याने आपण सर्व काही करू शकतो असे तो म्हणतो, त्या ‘सर्व काही’मध्ये उपाशी राहणेही आले. वजन उचलणाऱ्या खेळाडूचे चित्र त्या शेजारी ठेवले, तर वचन खोटे ठरत नाही, पण त्याचा गाभा निसटतो. मुलांना हेच वचन हवे असेल, तर चित्रात बेडीची एक सुटी कडी किंवा रिकामे ताट दाखवा. तसा टी-शर्ट पाहून कोणीतरी नक्की विचारील, की या चित्राचा या शब्दांशी काय संबंध.

याहून अवघड उदाहरण ईयोब ८:७ चे आहे. आरंभ अल्प असला तरी शेवटी मोठी भरभराट होईल, अशा अर्थाचे हे वचन शुभेच्छा म्हणून सर्रास छापले जाते. ते शब्द ईयोबाचा मित्र बिल्दद याचे आहेत, आणि ४२:७ मध्ये परमेश्वर दुसरा मित्र अलीफज याला स्पष्ट सांगतो, की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. लूक ४:७ (तू मला नमन केलेस तर हे सर्व तुझे होईल, अशा अर्थाचे) तर सैतानाच्या तोंडचे आहे, आणि संदर्भ काढून टाकला तर तेही उत्तम आश्वासनासारखे वाचता येते. म्हणून पहिली कसोटी अशी, की वचन कोण बोलतो आहे आणि कोणाला, हे संपूर्ण अध्याय वाचून पाहावे.

दुसरी कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते. वचन छातीवर आले, की त्यातील ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांच्या जागा बदलतात. ग्रंथात बोलणारा वेगळा असतो. टी-शर्टवर मात्र बोलणारा म्हणजे तो घालणारा, आणि ऐकणारा म्हणजे समोरून येणारा अनोळखी माणूस. ‘मीच मार्ग, सत्य आणि जीवन आहे’ हे शब्द ‘येशू म्हणाला’ या दोन शब्दांवाचून छापले, तर क्षणभर का होईना, एक तरुण स्वतःविषयी हा दावा करत उभा आहे असे दृश्य तयार होते. ‘पश्चात्ताप करा’ हे संदेष्ट्याच्या तोंडी आणि शिबिराला निघालेल्या मुलाच्या छातीवर सारखे ऐकू येत नाही; घालणाऱ्याने स्वतःला वगळून इतरांकडे बोट दाखवल्यासारखे ते होते.

उलट काही वचने अशी आहेत, की ती घालणाऱ्याच्या मुखी शोभतात, कारण ती मुळातच माणसाने देवापुढे उच्चारलेली आहेत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र २३ चे पहिलेच वाक्य घ्या. किंवा लूक १८:१३ मधील जकातदाराची प्रार्थना घ्या: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ त्याच दाखल्यात आपली धार्मिकता मिरवणारा परूशीही उभा आहे, त्यामुळे मिरवण्याचा जो धोका मत्तय २३ मध्ये सांगितला आहे, त्याला हे वचन आतूनच उत्तर देते. असा टी-शर्ट घालून कोणाशी उद्धटपणे वागणे अवघड जाईल, आणि तेही चांगलेच आहे.

प्रतिसाद: उघडी साक्ष

शास्त्राभ्यासी बंधूंच्या विवेचनाचा आदर राखून मी थोडा वेगळा विचार मांडतो. जकातदाराची प्रार्थना सुंदर आहे, परंतु ज्याने शुभवर्तमान कधी ऐकलेले नाही, त्याला त्यातून ख्रिस्ताविषयी काय कळेल? देवाने जगावर प्रीती केली, हे सांगणारे योहान ३:१६ आजही माझ्या मते सर्वांत योग्य आहे. ते संपूर्ण छापण्याची गरज नाही. पाठीवर मोठा अंक आणि ग्रंथाचे नाव एवढेच असले, तरी रांगेत मागे उभा असलेला माणूस विचारतो, की हे काय आहे. आणि मग बोलता येते. १ पेत्र ३:१५ मध्ये आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सदैव तयार असावे, असे सांगितले आहे. टी-शर्टने प्रश्न जागा करावा आणि उत्तर माणसाने द्यावे. म्हणून शिबिरात प्रत्येक मुलाकडून दोन-तीन वाक्यांत उत्तर देण्याचा सराव करून घ्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रतिसाद: शास्त्राभ्यासी

आपला मुद्दा मला पटतो, विशेषतः सरावाचा. पुढे प्रार्थना आणि मागे संदर्भ, असे दोन्ही एकाच टी-शर्टवर येऊ शकेल.

चिन्हांबद्दल थोडेसे सांगायचे राहिले. मासा आणि जहाजाचा नांगर ही आद्य ख्रिस्ती लोकांची चिन्हे रोममधील भूमिगत दफनस्थानांत आढळतात. येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा या ग्रीक शब्दांची आद्याक्षरे जोडली, की मासा या अर्थाचा ग्रीक शब्द होतो. नांगराला, आशेला जिवाचा नांगर म्हणणाऱ्या इब्री लोकांस पत्र ६:१९ चा आधार आहे. ही चिन्हे दोन-तीन रेषांत काढता येतात आणि लहान आकारातही ओळखू येतात. एका टी-शर्टवर मात्र एकच चिन्ह घ्यावे. क्रूस, कबुतर, काट्यांचा मुगुट आणि ज्वाला असे सर्व एकत्र आले, की एकाकडेही लक्ष जात नाही.

प्रतिसाद: शाई आणि कापड

मी छपाईचे काम करतो, म्हणून केवळ त्याविषयी लिहितो.

देवनागरीत सर्वांत आधी काय बिघडत असेल, तर ती जोडाक्षरे आणि वेलांट्या. तुमच्या संगणकावर ‘ख्रिस्त’ नीट दिसतो, पण छपाई करणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फॉन्ट नसला किंवा देवनागरीची जुळणी नीट होत नसली, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटून त्यात हलन्त दिसू लागतो. वचनाच्या बाबतीत हे चालणारच नाही. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी मजकुराचे बाह्यरेषांमध्ये, म्हणजे कर्व्हजमध्ये, रूपांतर करा आणि सोबत बरोबर मजकुराची छापील प्रत द्या. ही प्रत तुम्ही स्वतः तपासू नका. ज्याने डिझाइन पाहिलेले नाही, अशा माणसाला पवित्र शास्त्र उघडून एकेक काना-मात्रा ताडून पाहायला सांगा.

अक्षरांमधील अंतर वाढवून मजकूर रुंद करण्याचा मोह टाळा, कारण त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. रुंदी हवी असल्यास अक्षरच मोठे करा. ओळींमध्ये मात्र रोमन लिपीपेक्षा जास्त जागा सोडा; वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, अनुस्वार एकमेकांत अडकता कामा नयेत.

गडद निळ्या सुती कापडावर एकाच रंगात छापायचे असेल आणि संख्या बऱ्यापैकी असेल, तर स्क्रीन प्रिंटिंगच घ्या. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे एक रंग म्हणजे कामही सोपे आणि परिणामही ठसठशीत. विणलेल्या कापडावर शाई किंचित पसरते, हे लक्षात ठेवून बारीक टोकांचे आणि अरुंद पोकळ्यांचे अक्षर टाळावे. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या आतल्या पोकळ्या आधी बुजतात. एक पॉइंटपेक्षा बारीक रेष ठेवू नका. प्लास्टिसॉल शाई वापरली, तर ती सुमारे १६० अंश सेल्सिअसला पूर्ण पक्की होते. ती नीट तापवली गेली नाही, तर काही धुण्यांतच तडे जातात. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग कापडात उतरवण्याचा प्रकार, तुमच्या उपयोगाचा नाही, कारण तो फिकट रंगाच्या पॉलिएस्टरवरच नीट उठतो.

छातीवरचा मजकूर गळ्याच्या पट्टीपासून सुमारे ७ ते ८ सेंटिमीटर खाली सुरू करावा आणि त्याची रुंदी ३० सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नये, नाहीतर कडेचे शब्द काखेकडे वळतात. पाठीवरचे वचन खांद्यांच्या जवळ ठेवा. कमरेकडे छापले, तर बसल्यावर ते खुर्चीशी घासत राहते, आणि मला स्वतःला ते वचनाच्या मानाच्या दृष्टीनेही बरे वाटत नाही. प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून तो कागद टी-शर्टवर टाचा, कोणाला तरी घालायला लावा आणि तीन मीटरवरून वाचून पाहा. जे शब्द चालत्या माणसाच्या नजरेत बसत नाहीत, ते कमी करावेत. माझ्या मते सात-आठ शब्दांपुढे जाऊ नये.

प्रतिसाद: जुना वाचक

एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहितो. नव्या अनुवादांचे हक्क ते प्रकाशित करणाऱ्या संस्थांकडे असतात. पुस्तकांत किंवा उपासनेत मोजकी वचने उद्धृत करायला त्या पुष्कळदा सूट देतात, परंतु विक्रीच्या वस्तूंसाठी वेगळी लेखी परवानगी लागू शकते. टी-शर्ट केवळ शिबिरात वाटणार असाल, तरी संस्थेला पत्र लिहून विचारलेले चांगले. जुन्या अनुवादांचा पर्यायही आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर आपल्याकडे आहे आणि त्यांचे निधन १९२२ मध्ये झाले, त्यामुळे तेथे हक्कांची अडचण येण्याचा संभव कमी. कोणताही अनुवाद घेतला, तरी त्यातील शब्द जागेत बसवण्यासाठी बदलू नका. वाक्य लांब वाटले, तर दुसरे वचन निवडा.

तसेच प्रसिद्ध कंपनीच्या बोधचिन्हाची नक्कल करून त्यात प्रभूचे नाव गुंफलेले टी-शर्ट पुष्कळ दिसतात. बोधचिन्हाच्या हक्काचा प्रश्न तर त्यात आहेच, पण जाहिरातीच्या ओळखीवर प्रभूचे नाव उभे करणे मला पटत नाही.

अक्षरयात्री

सर्वांचे मनापासून आभार. आज संघाच्या बैठकीत लूक १८ मधील दाखला मोठ्याने वाचला आणि मग वचन निवडायला सांगितले. मुलांनी स्वतःच जकातदाराची प्रार्थना निवडली. समोर ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढी एकच ओळ पांढऱ्या शाईत, तिच्याखाली लहान अक्षरांत संदर्भ, आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये योहान ३:१६ चा अंक, असे ठरले आहे. चित्र घेतलेले नाही. परवानगीचे पत्र उद्या पाठवते. ‘द्य’सारखे जोडाक्षर या ओळीत नसल्याने पोकळ्या बुजण्याची भीती कमी आहे, पण ‘पाप्यावर’ मधला ‘प्या’ कागदी नमुन्यात तीन मीटरवरून थोडा दाटलेला दिसला, म्हणून फॉन्ट बदलून पुन्हा पाहते आहे.