आग लागली की लोक खरंच सैरावैरा पळतात?

जिन्याखालचा
मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत रात्री साडेअकराला फायर अलार्म वाजला. एकही माणूस खाली उतरला नाही. सगळे बाल्कनीत, आणि व्हॉट्सअॅपवर "टेस्टिंग चालू आहे का?" खोटं कशाला बोलू, मीही चार्जर शोधत होतो. (चौथ्यावर कुणाची तरी फोडणी जळली होती.)

आणि सोसायटीच्या सभेत ठरलं काय, तर यापुढे आधी खात्री, मग अलार्म. का, तर 'लोक घाबरतील, चेंगराचेंगरी होईल'. अहो, घाबरले कुठे? १९६८ साली लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी खोलीत धूर सोडून पाहिलं. एकट्याने बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून कळवलं. शेजारी दोन ढिम्म माणसं (प्रयोगकर्त्यांचीच) बसवली, तर जेमतेम १० टक्के. म्हणजे आपण धुराकडे नाही, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. २००१ मध्ये न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा पहिला मनोरा पेटलेला असताना दुसऱ्यात घोषणा झाली, इमारत सुरक्षित आहे, जागेवर परत जा. काहीजण उतरता उतरता परत फिरले. थोड्याच मिनिटांत दुसरं विमान आदळलं.

सचिवकाका
साफ असहमत. २०१७ चा एल्फिन्स्टन रोडचा पूल विसरलात? २३ माणसं गेली. आपले बावीस मजले, जिना एवढासा, त्यात दर मजल्यावर चपलांची कपाटं. रात्री दोनला सगळे एकदम निघाले तर जबाबदार कोण?

जिन्याखालचा
काका, पुलावर पावसामुळे लोक खोळंबले होते आणि मागून गर्दी वाढतच होती. मागच्याला पुढचं कळायला मार्गच नव्हता. हा अरुंद जिन्याचा आणि न मिळालेल्या माहितीचा दोष. त्यावर उपाय अलार्म रोखून ठेवणं? कपाटं हटवायचं काम कुणाचं, ते मी बोलत नाही.

सातवा मजला
दोघंही एकेका टोकाला. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग बघा, तेही २०१७. 'घरातच थांबा' ही सूचना मुळात खुळी नव्हती, एका घरातली आग तिथेच अडेल हे गृहीत होतं. बाहेरच्या आवरणाने पेट घेतला आणि गृहीतक कोसळलं. आग रात्री एकच्या सुमारास लागली, सूचना मागे घेतली २:४७ ला. ७२ मृत्यू. सूचना बदलायची कुणी आणि कधी, हे आपल्याकडे ठरलंय का?

लेक_१९०२
माझ्या आईला दोन जिनेही उतरवत नाहीत. न्यूयॉर्कच्या त्या दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे ३००० लोक वेळीच निघाल्यामुळे आणि लिफ्टमुळे वाचले, असा तिथल्या सरकारी चौकशीचा अंदाज आहे. आणि आपल्याकडे बोर्ड, 'लिफ्ट वापरू नये'. मग तिने करायचं काय?

सचिवकाका
ताई, ते दुसरं विमान आदळण्याआधीचं. आपली साधी लिफ्ट धुरात मध्येच अडकली तर? आईंना रेफ्युज एरियात (आगीत थांबायला राखलेल्या मोकळ्या जागेत) न्यायचं, आणि दोन धडधाकट शेजाऱ्यांची नावं आजच ठरवून द्या, मी लिहून घेतो.

अलार्मबद्दल माझं मत तेच. कपाटांची नोटीस मात्र उद्या लागेल. जिन्याखालचे साहेब, पहिलं कपाट तुमच्याच दारातलं आहे.