कसबा पेठ मतदारसंघ: बूथवार आकड्यांवरून पेठांचा कल कसा काढायचा?

पेठांचा_नकाशा:
फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत पुण्यातल्या कसब्यातून काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले आणि पावणेदोन वर्षांत, २०२४ च्या विधानसभेला, भाजपचे हेमंत रासने. ‘पेठा फिरल्या आणि परत आल्या’ असं सगळीकडे ऐकू येतं. सदाशिव-नारायण एकीकडे, रविवार-गंज दुसरीकडे अशी फोड करून हे तपासायचं आहे. फॉर्म २० (निवडणूक आयोगाचा बूथवार मतांचा तक्ता) हाताशी आहेत, पण त्यात नुसते बूथ क्रमांक. पेठेचं नाव कुठेच नाही. २०१९ शी जुळवायला गेलं की सगळं सरकतंय. कुठून सुरुवात करू?

यादीभाग:
फॉर्म २० मधला बूथ क्रमांक म्हणजे मतदार यादीचा भाग क्रमांक. त्या भागाच्या पीडीएफचं पहिलं पान उघडा. त्यावर मतदान केंद्राचं नाव-पत्ता असतो आणि खाली अनुभाग, म्हणजे कुठली पेठ, कुठले घर क्रमांक. एक्सेलमध्ये बूथ, केंद्र, अनुभाग, पेठ असे चार रकाने आधी भरा, मतं नंतर. एका भागात दोन पेठांचे अनुभाग आले तर त्याला ‘मिश्र’ लिहा, ओढूनताणून कुठल्या पेठेत घालू नका.

सरकण्याचं कारण साधं आहे. बूथवर मतदार ठरलेल्या मर्यादेच्या (२०२४ ला १५००) वर गेले की त्याचे दोन होतात आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने ढकलले जातात. म्हणून दोन निवडणुका क्रमांकावरून कधीच जुळवू नका, अनुभागावरून जुळवा. शाळेचं नावही पुरत नाही, कारण एकाच शाळेत पाच-सहा बूथ असतात आणि शेजारच्या पेठेचे मतदारही तिथेच येतात. एका बूथवर भाजप अचानक २५ टक्क्यांनी पडलाय आणि लगेच पुढच्यावर तितकाच चढलाय असं दिसलं, तर ती लाट नव्हे. तुमची ओळ चुकली आहे.

शिवाय फॉर्म बहुतेक स्कॅन केलेले असतात, ३ चा ८ होतो. आडवी बेरीज करा, उभी बेरीज करा, त्यात टपाली मतं मिळवा. उमेदवाराच्या जाहीर झालेल्या एकूण मतांशी जुळलं तरच पुढे जा.

आकडेमोड:
पेठवार फोड करण्याआधी एकूण मतं शेजारी मांडा, टक्के बाजूला ठेवा. भाजप: २०१९ ला मुक्ता टिळकांना सुमारे ७५ हजार, २०२३ ला रासनेंना ६२ हजार, २०२४ ला त्यांनाच ९० हजार. धंगेकर: २०२३ ला ७३ हजार, २०२४ ला ७० हजार.

म्हणजे धंगेकरांची मतं जेमतेम हलली. २०२३ ला मतदान निम्म्याच्या आसपास होतं आणि जे घरी बसले ते मुख्यतः भाजपचे असावेत. ‘फिरल्या’पेक्षा ‘उतरल्या नाहीत’ हे जास्त जुळतं. हे पश्चिमेकडच्या पेठांत तपासा: २०१९ च्या तुलनेत बूथवर एकूण मतं किती घटली आणि भाजपची किती. दोन्ही साधारण तितक्याच आकड्याने घटली असतील तर भाजपचा मतदार घरी बसला. एकूण तेवढंच आणि भाजप खाली असेल, तर खरंच फिरला. मुक्ता टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या कुटुंबाला उमेदवारी नाकारल्याची नाराजी होती हे खरं, पण त्याच नाराजीवर उभे राहिलेले हिंदू महासंघाचे आनंद दवे तीनशेलाही पोचले नाहीत. नाराज मतदार त्यांच्याकडे गेला नाही एवढं नक्की.

रास्तापेठी:
एक दुरुस्ती. २०१९ ला काँग्रेस ४७ हजार, शिवसेना बंडखोर १४, मनसे ८, बेरीज ६९; ‘विरोधक एकवटले आणि ७३ झाले’ असं काही जण मांडतात. बेरीज सुबक दिसते, पण २०२३ ला मनसेचा जाहीर पाठिंबा भाजपला होता. उलट धंगेकर स्वतः जुने मनसेचे. २००९ ला त्याच चिन्हावर त्यांनी भाजपच्या गिरीश बापटांचं मताधिक्य आठेक हजारांवर आणलं होतं. पूर्व भागातली ही मतं पक्षाची कमी, माणसाची जास्त. म्हणून त्या बूथांवर ‘काँग्रेस’ असा रकाना करू नका, ‘धंगेकर’ करा. २००९, २०१४, २०२३, २०२४ अशी ओळ लावली तरच काही कळेल. (मार्च २०२५ मध्ये ते शिंदेंच्या शिवसेनेत गेले, तेव्हा पुढचा रकाना आणखी मजेशीर.)

पेठांचा_नकाशा:
यादीतल्या आडनावांवरून समाजवार अंदाज काढला तर?

यादीभाग:
नको. बूथवर हजारभर माणसं, कोणी कोणाला मत दिलं हे त्यातून निघत नाही. ७० टक्के एका समाजाचे आणि ७० टक्के मतं एका पक्षाची, म्हणजे तेच ते ७० असं नसतं.

आकडेमोड:
पेठांत मतदानाची टक्केवारीही जपून वापरा. वाडा पाडला, कुटुंब सिंहगड रस्त्याला गेलं, नाव मात्र जुन्याच यादीत. छेद फुगलेला असल्याने मतदान आहे त्यापेक्षा कमी दिसतं. घरून मतदान केलेल्या ज्येष्ठांची मतं टपालीत जातात, बूथच्या ओळीत येत नाहीत. त्याची वयोमर्यादा २०२३ ला ८० होती, २०२४ ला ८५. सदाशिव पेठेसारख्या ज्येष्ठांच्या बूथवर तेवढा फरक धरा. आणि महापालिकेचे आकडे या तक्त्यात मिसळू नका. २०१७ ला चार नगरसेवकांच्या प्रभागात एका मतदाराला चार मतं होती, बूथचे क्रमांकही वेगळे.