धक्क्यावरची माणसं गेली कुठं?

जुन्या बंदरांच्या फोटोंत जहाजं, गोदामं ठसठशीत दिसतात, मग हमाल का दिसत नाहीत, असा प्रश्न पडतो. माणसं भरपूर होती, पण ती हलत होती. १८५१ साली फ्रेडरिक आर्चर या इंग्रज छायाचित्रकारानं मांडलेल्या ओल्या कलोडियनच्या (एका चिकट द्रावणाच्या) पद्धतीत काचेवर रसायन चढवायचं, ते ओलं असेतोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे अंधारा तंबू धक्क्यावरच हवा. त्यात भिंग काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात गोणी घेतलेला हमाल चौकटीबाहेर जाई, नाहीतर धुरकट डाग होऊन उरे. लाटाही अशाच पुसल्या जात.

छायाचित्रकार हाउलेटनं १८५७ साली लंडनच्या मिलवॉल गोदीत काढलेला इंजिनिअर ब्रुनेलचा फोटो जरूर मोठा करून बघा. मागे साखळीच्या अजस्र कड्या, आणि जहाज बांधणाऱ्या या इंजिनिअरच्या पँटवर, बुटांवर चिखल. मला त्या चिखलातच अख्खी गोदी दिसते.

आपल्या नागपूरला समुद्र नाही, पण १८६७ साली रेल्वे आली आणि इकडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराकडे निघाला. माझे आजोबा प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापूस दाबायच्या कारखान्यात, गाठी बांधत. म्हणून कुलाब्याच्या कापूस बाजाराचा जुना फोटो दिसला की माझी नजर आधी गाठींच्या आवळलेल्या पट्ट्यांवर जाते. मग कडेला बघतो. गाठीला टेकून बसलेला एखादा माणूस हमखास सापडतो, अगदी स्पष्ट, कारण तेवढा वेळ तो विसावला होता.