ट्रक कंपनीने केस फेडरल कोर्टात नेली, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,
आम्ही डॅलसला, एच-१बी वर्क व्हिसावर. ऑगस्टमध्ये आय-३५ हायवेवर ट्रकने मागून ठोकलं, ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, अजून धड बसवत नाही. वकिलाने काउंटी कोर्टात (इथल्या राज्याच्या) दावा लावला होता तर आता कंपनीने तो फेडरलला (केंद्राच्या कोर्टात) नेला. कंपनी ओक्लाहोमाची आहे. म्हणजे आपली बाजू पडली का? झोप उडालीय.

---

ताई, घाबरू नका, बाजू वगैरे काही पडलेली नाही. दावा ७५ हजार डॉलरच्या वर आणि दोन पार्ट्या वेगवेगळ्या राज्यांच्या किंवा एक परदेशी नागरिक असली की समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांना केस तिकडे नेता येते, आणि ट्रकवाले शक्यतो नेतातच. एच-१बीवर तुम्ही भारताचे नागरिकच धरले जाता. ग्रीन कार्ड असतं तर राहतो त्या राज्याचं बघतात. नुकसानभरपाईला कायदा टेक्ससचाच लागतो, पण तिथल्या राज्याच्या कोर्टात निकालाला १२ पैकी १० ज्युरर (निवाडा देणारे सामान्य नागरिक) पुरतात, फेडरलला सगळ्यांचं एकमत लागतं, हा फरक मोठा आहे.

मला खरी काळजी लॉगची वाटते. ड्रायव्हरने १४ तासांच्या पाळीत ११ तासच गाडी चालवायची, त्याची नोंद इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये होते, पण कंपनीला ती फक्त ६ महिने ठेवावी लागते. माझ्या भावाच्या वेळी आम्ही आठव्या महिन्यात वकील गाठला, तोवर सगळं पुसलेलं, ड्रायव्हर झोपेत होता हे भावाने डोळ्यांनी बघितलेलं पण दाखवायला कागद नाही, ते आजही सलतं. लॉग, कॅबमधला कॅमेरा, इंजिनचा डेटा, अपघातानंतरची ड्रग टेस्ट, सगळं जपून ठेवा असं पत्र कंपनीला कधी गेलं ते वकिलाला आजच विचारा. आणि विमा कंपनीचा माणूस गोड बोलून स्टेटमेंट मागेल, तुम्ही परस्पर एक शब्दही बोलू नका.

---

दादा, आत्ताच फोन केला, पत्र बाराव्या दिवशीच गेलंय!! जीव भांड्यात पडला. विमा किती असतो पण?

---

छान झालं. साध्या मालाच्या ट्रकला किमान साडेसात लाख डॉलर, आणि हा आकडा ८० च्या दशकापासून तोच आहे, हॉस्पिटलची बिलं मात्र कुठल्या कुठे गेलीत. त्याच्या वरची पॉलिसी आहे का तेही वकिलाकडून काढून घ्या. फिजिओला न्यायला कुणी लागलं तर शनिवारी मी मोकळा असतो.