आईवडिलांना घेऊन पायी शहर बघणं: हौस कुणाची, पाय कुणाचे?

घाटवाट (धागाकर्ता)

आईबाबांना परदेशी नेलं की आपण त्यांना गाडीत कोंबतो. हॉटेलच्या दारातून देवळाच्या दारात, तिथून मॉलच्या दारात, संध्याकाळी परत खोलीत. निदान मलेशियातलं पिनांग तरी असं बघू नये, हे माझं ठाम मत. तिथलं जुनं शहर, जॉर्जटाउन, पायीच बघावं आणि सत्तरीला टेकलेल्या आईला घेऊन तर नक्कीच.

गाव आटोपशीर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने १७८६ मध्ये पिनांग बेट घेतलं आणि किनाऱ्यालगत लाइट, बीच, चुलिया, पिट असे मोजके रस्ते आखले. बघण्यासारखं बरंचसं अजूनही त्या चौकटीत किंवा तिला लागून आहे. दुकानांच्या पुढ्यात पाच फुटी ओसरी, वर पहिल्या मजल्याची सावली. जुन्या पिट स्ट्रीटवर आधी १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च लागतं, मग क्वान यिन देवीचं चिनी देऊळ, मागच्या अंगाला क्वीन स्ट्रीटवर १८३३ चं मारिअम्मन मंदिर आणि थोडं पुढे तमिळ मुसलमानांची कपितान केलिंग मशीद. सगळं मिळून अर्धा-पाऊण किलोमीटर.

क्वान यिनच्या अंगणात आईने शेजारच्या बाईला खुणेनेच विचारलं, उदबत्त्या किती? आई पाच घेऊन उभी होती. बाईने तीन बोटं दाखवली, आईच्या हातातल्या दोन काढून घेतल्या आणि कपाळाशी कशा धरायच्या तेही करून दाखवलं. बाहेर गाडीवाला ताटकळत असता तर आम्ही फोटो काढून निघालो असतो.

गुडघेदुखी

पटलं नाही. आईला चालायचंय का, हे तिला विचारलंत की तिच्या वतीने तुम्हीच ठरवलंत? आपल्याकडच्या आया दुखणं अंगावर काढतात. "तुम्ही जा आत, मी बसते इथेच, मला काय एवढं त्याचं" असं म्हणाली की समजावं, पाय गेले. ती "दमले" म्हणणार नाही, कारण तुमचे खर्च झालेले पैसे आणि तुमचा उत्साह दोन्ही तिला दिसत असतात.

आणि त्या ओसरीचं कौतुक पुरे. प्रत्येक मालकाने आपापल्या मर्जीने फरशी घातलेली. एक दुकान उंच, पुढचं दोन पायऱ्या खाली, त्याच्या पुढचं उतरतं. मध्येच कुणाची स्कूटर, कुणाची खोकी. मग रस्त्यावर उतरायचं, तेही उघड्या गटारावरून पाय टाकून. माझी आई प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरते. खाली बघितलं की भिंगाचा वाचायचा भाग समोर येतो आणि पायरीची कड धूसर होते. त्यात फरश्या नक्षीच्या, म्हणजे कुठे संपली पायरी तेही कळत नाही. २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं हे गाव गुडघ्यांचा विचार करून बांधलेलं नाही.

घाटवाट

ओसरीचं खरं आहे, नाकारत नाही. पण म्हणून गाडी? सकाळी नऊच्या आत निघायचं, अकराला खोलीत, पाचनंतर पुन्हा बाहेर. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे थंडीचा मोसम वगैरे प्रकार नाही. दुपारी तरण्याताठ्या माणसालाही घामाची अंघोळ होते. वेळ सांभाळली की निम्मा त्रास वाचतो.

पेन्शनर

वय वर्षे ७२. आमच्याबद्दल चाललंय म्हणून बोलतो. तुम्ही दोघेही आमच्या वतीने भांडताय, आम्हाला कुणी विचारत नाही.

मला तिथे माझ्या मुलीने नेले होते. ती गुडघेदुखींच्या पक्षाची. दर चौकात ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) बोलवायची, गोळ्या तिच्या पर्समध्ये, पाण्याचे घोटसुद्धा तिच्या नजरेखाली. एका पहाटे ती झोपेत असताना मी एकटाच निघालो आणि 'वेल्ड की' या किनाऱ्याच्या रस्त्याला चिनी कुळांच्या धक्क्यांवर गेलो. च्यू जेटी म्हणजे खाडीत लाकडी खांबांवर उभी गल्ली. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसते. दिवसा तिथे आठवणवस्तूंची दुकाने असतात, पण त्या वेळी लोक दारात दात घासत होते. माझ्याच वयाच्या एकाने प्लास्टिकचे स्टूल पुढे सरकवले. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती, बसलो दोघे. परत आल्यावर मुलीची बोलणी खाल्ली ते सोडा.

आता माझा मुद्दा. म्हातारा माणूस चालण्याने दमत नाही, उभे राहण्याने दमतो. आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलवरच्या दोन मुलांचे भित्तिचित्र आहे, अर्नेस्ट झाकारेविचने २०१२ मध्ये काढलेले. मुले भिंतीवर रंगवलेली आणि सायकल मात्र खरी. चांगले आहे. पण त्याच्यासोबत फोटो काढायला रांग असते आणि त्या रांगेत उन्हात उभे राहून माझ्या पोटऱ्या भरल्या. आधी तासभर चाललो तेव्हा काही झाले नव्हते. याउलट सेंट जॉर्ज चर्चच्या बांधकामावर हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी होते, म्हणून मला तिथे जरा बसायचे होते. ते यादीत नव्हते. चालावे की गाडीने जावे यापेक्षा यादी कोण करतो, हा खरा प्रश्न.

घाटवाट

काका, हे शंभर टक्के मान्य.

तिसरी_गल्ली

एवढं भांडण कशाला? सायकलरिक्षा आहेत की. तिथल्या रिक्षात प्रवासी पुढे आणि चालवणारा मागे, त्यामुळे समोरचं सगळं मोकळं दिसतं. शिवाय फेरीबोटीच्या जेटीपासून कोमतार या उंच इमारतीपर्यंत गावातून फिरणारी फुकट बस आहे. थोडं चाला, थोडं बसा.

गुडघेदुखी

माझ्या सासूबाई त्या रिक्षात चढल्याच नाहीत. "त्याचं वय बघ, माझ्यापेक्षा मोठा असेल." विषय संपला. बसचं मात्र बरोबर.

सदाफुली

मला एक सांगा, चर्चेत आतापर्यंत स्वच्छतागृहाचा शब्द नाही. पायी फिरताना बायकांचा पहिला प्रश्न तोच. आई बाहेर पडायच्या आधीपासून पाणी बंद करते. "लागली तर कुठे जायचं?" आणि तसल्या उकाड्यात पाणी न पिता चालली की घेरी येणार, मग आपण म्हणणार तिला चालवत नाही. तिला चालवतं हो, पाणी प्यायची भीती वाटते. म्हणून मी तिथे रस्ता देवळांवरून न आखता स्वच्छतागृहांवरून आखला होता. मॉल, मोठं हॉटेल, बसून खायची जागा. पर्समध्ये सुट्टी नाणी ठेवायची, कारण सार्वजनिक ठिकाणी कधी कधी पैसे घेतात. आईला आधीच सांगून टाकलं की पुढची जागा कुठे आहे. त्यानंतर बाईंनी दोन शहाळी संपवली.

दुसरं म्हणजे खाणं, आणि इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने. गाडीने फिरणारा शाकाहारी मराठी माणूस सरळ लिटल इंडियात उतरतो आणि तिन्ही त्रिकाळ इडली खातो. चालत गेलं की चिनी शाकाहारी खाणावळी दिसतात. आईला चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही आणि तिथल्या बऱ्याच बौद्ध खाणावळींतही तो नसतो. काचेमागे पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या, बोट दाखवायचं की भातावर वाढतात. अमावास्या-पौर्णिमेला कितीतरी चिनी लोकही शाकाहार पाळतात, हे कळल्यावर आईला ते एकदम घरचेच वाटायला लागले. बाकी ठिकाणी सांभाळून, भाजीतसुद्धा कोळंबीची बेलाचान चटणी असू शकते. पिनांग रोडजवळच्या गल्लीतलं चेंडोल मात्र खा: बर्फ, नारळाचं दूध, गूळ आणि हिरव्या शेवया. उभ्याने खातात, पेन्शनर काकांनी कठड्यावर बसून घ्यावं.

तिसरी_गल्ली

चालायचंच असेल तर सिंगापूर का नाही? पदपथ सपाट, उतार केलेले, बाकं, लिफ्ट.

घाटवाट

सिंगापूर सपाट आहे, पण अंतरं लांब. मेट्रोच्या एका गाडीतून दुसरीत जाताना भुयारात जेवढं चालावं लागतं, तेवढ्यात जॉर्जटाउनमध्ये चर्च ते मशीद होतं.

गुडघेदुखी

बरं, एक शेवटचं विचारते. जुन्या घरांची हॉटेलं केलीत तिथे. लाकडी उभे जिने, लिफ्ट नाही. दुपारी खोलीत परत, संध्याकाळी पुन्हा बाहेर, म्हणजे तो जिना रोज दोनदा चढायचा. आईची खोली कुठे होती?

घाटवाट

तळमजल्यावर, मधल्या चौकाला लागून. आरक्षण करतानाच मागून घेतली होती. आधी विचारलं तर देतात.

गुडघेदुखी

मग हे पहिल्या परिच्छेदात का नाही? वाचणारे निम्मे लोक "पायीच बघावं" एवढंच घेऊन जातील आणि आईला दुसऱ्या मजल्यावर चढवतील.