प्रतिकारशक्तीसाठी ताटात काय बदललंत? अनुभव लिहा

सर्दी-खोकल्याचा मोसम आला की 'इम्युनिटी वाढवा'चा मारा सुरू होतो. सल्ले भरपूर मिळतात, म्हणून इथे फक्त अनुभव लिहूया. काय खायला लागलात, काय सोडलंत आणि का? औषधं चालू असतील तर तेही सांगा, कारण एकाला मानवलेलं दुसऱ्याला बाधू शकतं.

रात्रपाळी
संत्री खाऊन माझी सर्दी कधी थांबली नाही. म्हणून शोधायला बसलो, तर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा 2013 चा आढावा सापडला. रोज सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तरी सर्वसाधारण माणसाला सर्दी व्हायची तितक्याच वेळा होते, फक्त मोठ्यांची ती साधारण 8 टक्के लवकर उरकते. मॅरेथॉन धावणाऱ्यांसारख्या अतिश्रम करणाऱ्यांत मात्र सर्दीचा धोका निम्म्यावर आलेला दिसला. मी धावतो ते बस पकडायला. त्यामुळे गोळ्या बंद, संत्री चालू. आवडतात हो!

थोरली_सून
सासूबाईंचं वय झाल्यावर त्यांचं जेवण 'हलकं' होत होत नुसत्या सूप आणि फळांवर आलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "यात प्रथिनं कुठायत?" रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी प्रथिनांच्याच बनतात, हे तेव्हा कळलं. आता डाळ घट्ट असते, दही रोज, आणि सूपमध्ये अंडं फेटून घालते (त्यांना चालतं, माझ्या नवऱ्याला बघवत नाही). आजारपण कमी झालं का, ते छातीठोकपणे नाही सांगता येणार. जिना मात्र पुन्हा चढायला लागल्या आहेत.

लिंबूटिंबू
जेवणाबरोबरचा चहा बंद, पालेभाजीवर लिंबू. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं. हिमोग्लोबिन वाढलं, पण लोहाच्या गोळ्याही चालू होत्या, तेव्हा श्रेय वाटून घ्या.

चष्मा_कपाळावर
घरातल्या गोळ्यांची पाकिटं एकदा उलटी करून वाचा. आमच्याकडे मल्टिव्हिटॅमिन, 'इम्युनिटी'वाली गोळी आणि घशासाठी चघळायच्या गोळ्या, तिन्हींत जस्त निघालं. बेरीज 40 मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे मोठ्या माणसाच्या रोजच्या कमाल मर्यादेपलीकडे. असं बराच काळ चाललं तर तांबं नीट शोषलं जात नाही, आणि तांबं कमी पडलं की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच घटतात. घ्या, वाढवा इम्युनिटी!

मधली_बहीण
आमचं सगळंच उलटं आहे. भावाची किडनी बदलली आहे. शरीराने ती परकी समजून नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवतात. त्यामुळे कुणी शक्ती वाढवायची पावडर घेऊन आलं की आभार मानून ती बाजूला ठेवतो. आमच्याकडे काय खायचं याइतकंच कसं खायचं हेही बघावं लागतं. अंड्याचा बलक पार घट्ट झाल्याशिवाय ताटात येत नाही. मोड आलेली कडधान्यं कच्ची कधीच नाहीत, कारण मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंच्याही पथ्यावर पडते. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं आणि मगच सोलायचं, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. कापून ठेवलेली फळं विकत आणत नाही. आणि ग्रेपफ्रूट पूर्ण वर्ज्य, कारण त्याने टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी वाढते. एरवी सी जीवनसत्त्वासाठी वाखाणलं जाणारं फळ आमच्या फ्रिजवरच्या यादीत लाल शाईने लिहिलंय.

लिंबूटिंबू
@मधली_बहीण, ताई, दही चालतं का त्यांना? माझ्या काकांचंही ऑपरेशन ठरतंय.

मधली_बहीण
आम्हाला डॉक्टर पाश्चराइज्ड दुधाचं चालेल म्हणाले. प्रोबायोटिकच्या (जिवंत जिवाणूंच्या) गोळ्यांना मात्र नाही. काकांचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि औषधांची यादी सोबत न्या.