बालवाडीच्या गेटवरची पाटी काढा

बी-२०४ चिनूची आई: खाली हॉलमधल्या बालवाडीबद्दल आज बोलायचंच आहे. गेल्या वर्षीसारखं "जाऊ द्या" म्हणू नका. डायरीत परत लाल शाईने आलंय, "वर्गात बोलत नाही. घरी शुद्ध बोला." आणि गेटवर पाटी, पालकांनी आत येऊ नये. मग आम्ही बोलायचं कुठं?

ए-१०१ काका: सर्व सदस्यांस नम्र विनंती. सकाळी ९ वाजता बालवाडीच्या गाड्या लिफ्टसमोर उभ्या राहतात. कृपया नोंद घ्यावी.

सी-३०१ गोलूचे बाबा: काका, गाड्यांचं मागून पाहू ना बाप्पा. पोराचा विषय चालू आहे.

ए-१०१ काका: विषय सोसायटीच्या जागेचाच आहे.

बी-२०४ चिनूची आई: ती डायरी वाचल्यापासून सासूबाई नातवाशी बोलायलाच कचरतात. काल तो कुलरच्या टाकीत कागदाची होडी सोडून "आजी, पाय ना, कशी तरंगून राह्यली" म्हणत होता. एरवी त्यांनी दहा गोष्टी विचारल्या असत्या. काल नुसती मान हलवली. घरात इतकं बोलणारं पोरगं वर्गात गप्प का, हे बाईंनी एकदा तरी विचारायला नको?

बी-३०३ आजी: सूनबाई, तुझ्या सासूला म्हणा, बोलत जा. आमची पोरं असंच बोलून शिकली, नोकरीले लागली.

सी-२०२ मावशी: बाईंचीही बाजू पहा. जूनमध्ये पाच-सहा आया खिडकीशी उभ्या राहायच्या. एक पोर आईला पाहून रडलं की सगळा वर्ग रडायचा. दोनच बाया, किती जणांना घेतील कडेवर?

सी-३०१ गोलूचे बाबा: खिडकीत आया कमी, मोबाइल जास्त होते 😄

सी-२०२ मावशी: तुमच्याच घरून व्हिडिओ कॉल यायचा, मला बोलायला लावू नका.

सेक्रेटरी: वैयक्तिक बोलणे टाळावे 🙏

बी-४०३ ताई: मी अंगणवाडीत सेविका होते म्हणून बोलते. नवीन लेकराची आई पहिल्या दिवशी आत बसायची, मग थोडा वेळ, मग दारापर्यंत. लेकरू आईला सांगून सोडायचं, नजर चुकवून पळायचं नाही. वजन करताना आईला शेजारी उभं करून तक्ता दाखवायचो. गृहभेटीला गेलं की कळायचं, लेकरू कोणाजवळ झोपते, कशाला भिते, कोणाशी बोलते. ते कळल्याशिवाय शिकवणार काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आपण मात्र अंगणातल्या माणसांना गेटबाहेर उभं करून राहिलो.

ए-१०१ काका: पुन्हा एकदा. ९ वाजता. लिफ्टसमोर. गाड्या.

बी-४०३ ताई: आणि भाषेचं म्हणाल तर सरकारी कागदच आहे. ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात या वयात घरच्या भाषेतूनच शिकवण्यावर भर आहे. आजीजवळ बसून पोरगं तुरीतले खडे वेगळे करते, दाणे मोजते, ते शिकणंच आहे. बाईंना कोणी सांगितलंच नसेल तर त्यांना दिसणार कसं?

बी-२०४ चिनूची आई: सांगायला आत तर जाऊ द्या ताई 😔

सेक्रेटरी: हॉलचा करार मार्चमध्ये संपतो. तेव्हा अट टाकू.

सी-३०१ गोलूचे बाबा: मार्चची काहून वाट पाहायची? आणि अट घालून कोणी मनातलं बोलत नसते. भाड्याची भाषा लावली की त्या अजूनच दार लावून घेतील.

बी-३०३ आजी: तान्ह्या पोळ्याले आमचे हे लाकडी नंदी घेऊन आत गेले होते का नाही? चिनूनं स्वतःच्या नंदीचं नाव सगळ्यांले सांगितलं होतं. त्या दिवशी एकही लेकरू रडलं नाही.

सी-२०२ मावशी: हे मात्र खरं. मी होते तिथं.

बी-४०३ ताई: मग तेच मागू. महिन्यातून एक सकाळ घरच्या एकाने वर्गात बसायचं. कोणी गोष्ट सांगेल, कोणी तूर निवडायला बसेल. डायरीत तक्रारीसोबत लेकरानं आज काय केलं तेही एक ओळ यावं. आणि आपणही एक ओळ लिहून पाठवायची, रात्री ताप होता, बाबा गावाला गेले. नुसतं त्यांच्याकडूनच मागायचं नाही.

बी-२०४ चिनूची आई: मी शनिवारी सकाळी ११ ची वेळ मागते. सासूबाईंनाही नेते.

सी-३०१ गोलूचे बाबा: ११ ला माझी ड्युटी. दरवेळी अशाच वेळा ठरतात अन् मग म्हणतात बाप येत नाही.

सी-२०२ मावशी: संध्याकाळी ठेवा. त्यांनाही दिवसभर वर्ग असतो, निवांत बोलतील.

बी-२०४ चिनूची आई: बरं, ६ वाजता विचारते. बाई हो म्हणाल्या की इथेच टाकते. आणि ए-१०१ काका, तुम्हीही या. गाड्यांचं त्यांच्यासमोरच बोला.

ए-१०१ काका: येतो. माझी नात पुढल्या वर्षी तिथेच जाणार आहे.